पाहुणा गेला ती दुपार

बारक्याला दवाखान्यातून घरी पाठवलं, तेव्हा कुठं त्याचं नाव त्याला शोभायला लागलं होतं. एकावन्न वर्षांचा धिप्पाड गडी, लिफ्ट दुरुस्तीचं काम, हाताचे पंजे पान्ह्यासारखे. आणि घरात, गल्लीत, नात्यात सगळे त्याला लहानपणापासून बारक्याच म्हणत आलेले. पोटातल्या दुखण्यानं चार महिन्यांत त्याला असा काही खरवडून काढला, की पांघरुणाखाली माणूस आहे की नुसतं पांघरूण, हे दारातून बघणाऱ्याला कळेना. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. हवं ते खाऊ द्या, हवं ते बोलू द्या." डॉक्टर अशी मोकळीक द्यायला लागले की माणसानं काय ते समजून घ्यावं.

ताई रोज दुपारी त्याच्याकडे जायची. ती त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान तिनंच पुढं चालवलं, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. सकाळभर छापलेले कागद दुमडायचे, शिवायचे, पुठ्ठे चढवायचे, आणि दोनच्या सुमाराला शटर ओढून दोन गल्ल्या ओलांडून भावाच्या घरी यायचं. कितीही हात धुतले तरी नखांत वाळलेली खळ तशीच असायची.

पहिले काही दिवस बोलणंच सुचेना. "बरं वाटतंय का?" असं विचारायची सोय नव्हती. "उद्या" हा शब्दसुद्धा तोंडातून जपून काढावा लागायचा. भावजय दुधाचा पेला ठेवून जायची, तो साय धरून तसाच राहायचा. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पंख्याकडे बघायची आणि बारक्या भिंतीकडे.

एक दिवस तोच म्हणाला, "ताई, हेडमास्तरची गोष्ट सांग ना."

"कुठला हेडमास्तर?"

"आपला. बोका."

ताईला तेवढ्यानंच हसू आलं. हेडमास्तर म्हणजे त्यांच्या लहानपणीचा करडा बोका. दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, अगदी चष्मा लावल्यासारखी. दुकानात कुणी काम करत असलं की समोर येऊन बसायचा आणि असा रोखून बघायचा, की माणसाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायला लागावं. बाबा म्हणायचे, "मी या दुकानाचा मालक आहे ते फक्त पाटीवर."

"एकदा काय झालं," ताईनं सुरुवात केली, "बाबांनी खळीचं पातेलं खाली ठेवलं होतं. हा आला, एक पाय पातेल्यात घातला, मग तोच पाय शाईच्या डबीत, आणि तिथून स्वारी निघाली ती थेट वकिलांच्या पुस्तकांवरून. बारा जाड पुस्तकं, नुकतीच बांधून वाळत ठेवलेली, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एक-एक पंजा. एक पुस्तक सोडलं नाही पठ्ठ्यानं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. वकील आले. पहिलं पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. काही बोलले नाहीत. पुस्तकं घेऊन गेले. आणि वर्षानं पुढची पुस्तकं बांधून न्यायला आले तेव्हा पान उलटून म्हणतात, 'का हो, या वेळी साहेबांनी सही नाही केली?'"

बारक्या हसला. हसता हसता पोट धरून कण्हला.

"दुखतंय? थांबते मी."

"थांबलीस तर बघ."

"मग हा हेडमास्तर उठला आणि सरळ जाऊन वकिलांच्या मांडीवर..."

"ते खोटं," बारक्या म्हणाला. "मांडीवर बसला नव्हता. मीठमसाला लावू नकोस. जसं झालं तसं सांग."

तेव्हापासून रोजचा पायंडाच पडला. ताई आली की बारक्या उशी सरकवून अर्धा उठून बसायचा आणि फर्माईश करायचा. आज एक्स्प्रेस सांग. एक्स्प्रेस म्हणजे कासव. ते कुणी आणलं, कुठून आणलं, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. बारक्यानं दप्तरातून आणलं होतं. एकदा ते हरवलं. घर पालथं घातलं, दुकान पालथं घातलं. बारक्या दोन दिवस जेवला नाही. तीन महिन्यांनी बाबांनी रद्दीचा ढीग उपसला, तर त्यामागं हे महाशय कागदाच्या कपच्यांत मान आत घेऊन बसलेले. बाबांनी त्याला उचललं, धूळ झटकली आणि म्हणाले, "या घरात वेळेवर काम करणारा हा एकटाच. निदान घाई करून चुका तरी करत नाही."

भावजय दारात येऊन उभी राहायला लागली. पदरानं हात पुसत ऐकायची. भाची कॉलेजातून लवकर यायला लागली. तेवीस वर्षांची पोरगी, चार महिने बापाच्या आजारानं वाळून गेलेली; ती खाटेच्या पायथ्याशी मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही दप्तरातून कासव आणलंत? आणि मला साधं मांजराचं पिल्लू आणू दिलं नाहीत कधी!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," बारक्या म्हणायचा.

"काय वेगळी?"

"तेव्हा मी शहाणा नव्हतो."

त्यावर सगळे हसायचे. ताईही हसायची. पण घरी जाताना ते वाक्य तिच्या पायात घोटाळायचं.

कारण सगळ्या गोष्टींत खरी गोष्ट पाहुण्याची होती. पाहुणा म्हणजे कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. कुठून तरी आला आणि दुकानाच्या पायरीवर बसला. बाबांनी पोरांना बजावलं, "दोन दिवसांचा पाहुणा आहे, लळा लावू नका." तेच त्याचं नाव पडलं आणि पाहुणा चार वर्षं राहिला. पहिल्याच आठवड्यात त्यानं खळीचं अख्खं पातेलं चाटूनपुसून साफ केलं आणि दिवसभर दोन्ही जबडे चिकटल्यासारखा तोंड मिटून बसला. आई म्हणाली, "बरं झालं, घरात कुणीतरी गप्प बसलंय." शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा बूट पळवायची त्याला खोड होती; तीही फक्त डाव्या पायाचा. डॉक्टर सकाळी एक बूट घालून, एका पायावर तोल सांभाळत गॅलरीतून ओरडायचे, "अहो बाइंडर, तुमच्या पाहुण्याला म्हणावं, निदान जोडी तरी ने!"

आणि बारक्याचा तर तो जीव की प्राण. बारक्या शाळेत निघाला की हा मागं. हाकलला तर वळसा घालून पुढं. वर्गाच्या दाराशी बसायचा. शेवटी बाईंनी कंटाळून त्याला आत घेतलं, आणि एक दिवस हजेरी घेताना बारक्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा याची हजेरी बरी आहे. आणि हा वर्गात बोलतही नाही."

इथपर्यंत सांगून ताई थांबायची. रोज इथंच. मग पाण्याचा तांब्या सरळ कर, खिडकीचा पडदा ओढ, "चल, आता पड जरा" असं काहीतरी. बारक्याही पुढचं विचारायचा नाही. ताईला वाटायचं, विसरला असेल. बेचाळीस वर्षं झाली त्याला. नऊ वर्षांच्या पोराला काय आठवणार!

त्या दिवशी भावजय औषधं आणायला गेली होती, भाची कॉलेजात. घरात दोघंच. ताईनं शाळेची हजेरी सांगून संपवली आणि तांब्याकडे हात नेला, तेव्हा बारक्या म्हणाला, "आज पुढचं मी सांगतो."

"पड तू. दमशील."

"ताई, मला ते एकदा बोलायचंय. राहून जायला नको." त्यानं श्वास घेतला. "त्या दिवशी आईबाबा दोघंही बाहेर होते. शाळा मधल्या सुट्टीत सुटली की मी जेवायला घरी यायचो. त्या आठवड्यात कुत्री धरणारी गाडी फिरत होती, म्हणून पाहुण्याला घरातच ठेवायचं होतं. जेवलो आणि मागच्या दारानं गेलो. मागच्या दाराची कडी बाहेरून लागायची नाही. बाहेर पडणाऱ्यानं आतल्या माणसाला हाक मारायची, 'दार लाव.' तेवढंच काम होतं माझं. आणि मी हाक मारली नाही."

ताईचा हात तांब्यावर तसाच राहिला.

"म्हणजे, मारली की नाही तेच मला आठवत नाही," बारक्या पुढं म्हणाला. "किती वेळा आठवून बघितलं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरलो की एकटाच असतो मी. वर खाली काळोख. तिथं तर रोजच. मी पायरी उतरतोय, चप्पल घालतोय, इथपर्यंत दिसतं. मग तोंड उघडलं का नाही? ते काही दिसत नाही. पण तू म्हणालीस की हाक आली नाही, म्हणजे नसेल मारली. संध्याकाळी आलो तर पाहुणा नाही. बाबांनी मारलं असतं तर बरं झालं असतं, ताई. ते फक्त म्हणाले, 'याच्या हाती कुणाचा जीव द्यायची याची लायकी नाही.' आठवतंय तुला?"

"हो."

"सहा महिने मी दोरी घेऊन गल्ल्या फिरलो. दिसला की बांधून आणायचा म्हणून. दातांचे डॉक्टरसुद्धा एकदा माझ्याबरोबर आले होते शोधायला." तो थोडा हसला. "पोरगी झाली तेव्हा मी महिनाभर तिला हातात घेतलं नाही. तिच्या आईला वाटलं, मुलगी झाली म्हणून मी नाराज आहे. ती खूप रडली. मी काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर हसली असती. कुत्र्यापायी कुणी असं करतं का?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बारक्यानं हात पुढं केला. पूर्वीचा पान्ह्यासारखा पंजा आता नुसती हाडं.

"तू त्या दिवशी किती रडली होतीस. मला अजून दिसतं. पाहुणा तुझाही होता. माझ्यामुळं गेला तो. मला माफ कर, ताई. एवढंच."

आता हे ऐकून ताईनं काय करायला हवं होतं? त्याचा हात हातात घेऊन "वेडा आहेस का" म्हणायला हवं होतं, त्याला थोपटायला हवं होतं. जगात दुसरी कुठलीही बहीण असती तर तिनं तेवढंच केलं असतं. ताईनं पुढं किती तरी दिवस स्वतःला हेच विचारलं, की आपण तोंड का उघडलं. पण त्या क्षणी तिच्यासमोर तो हात होता, माफी मागणारा, आणि तो हात घेणं तिच्यानं होईना.

"तू हाक मारली होतीस," ती म्हणाली.

"काय?"

"हाक मारली होतीस तू. मी ऐकली होती. मी उठून कडीही लावली होती."

ताई बोलत सुटली. आता थांबली तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही अशी. दोन वाजता तिनंच ती कडी काढली होती. मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या मुलीकडे नवा टेपरेकॉर्डर आला होता. आईबाबा संध्याकाळी यायचे होते, घर सोडून जायचं नाही असं बजावलं होतं. ताईनं दार नुसतं ओढून घेतलं आणि गेली. पाच मिनिटांसाठी गेली आणि दोन तास बसली. परत आली तर दार वाऱ्यावर हलत होतं. तिनं आत येऊन कडी लावली, शिवणाची सुई हातात घेतली आणि बसली. वाटलं, येईल पाहुणा पुढच्या दारानं. मग आईबाबा आले. मग बारक्या आला. बाबांनी विचारलं, "मागचं दार शेवटी कुणी उघडलं?" तर बारक्याच म्हणाला, "मी." आणि बाबांनी ताईला विचारलं, "यानं हाक मारली होती?"

"आणि मी नाही म्हणाले," ताई म्हणाली. "चौदा वर्षांची होते मी. वाटलं, उद्या कुत्रा येईल, सगळं मिटेल. मग तो आला नाही. मग रोज वाटायचं, आज सांगू. मग एवढे दिवस गेले, की सांगितलं तर कुत्र्यापेक्षा खोटं मोठं ठरलं असतं."

बारक्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही दिसत नव्हता. एखादं मशीन उघडून आत कुठला भाग मोडलाय ते बघावं, तसा तो तिच्याकडे बघत होता.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"आईला?"

"नाही. शेवटी शेवटी सांगावंसं वाटलं होतं. नाही सांगितलं."

"म्हणजे आजपर्यंत तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

"नाही."

"मग मला तरी का सांगितलंस?"

ताई नखांतली खळ खरवडायला लागली.

"बाबा असते तर त्यांना सांगता आलं असतं," बारक्या हळूहळू, शब्द मोजल्यासारखा म्हणाला. "तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी पोरीला कुत्रं आणून दिलं असतं. तिला उचलून घेतलं असतं. आता आठ-दहा दिवस राहिलेत माझे. त्यात हे घेऊन मी काय करू, ताई? कुठं ठेवू?"

"बारक्या..."

"तुझं ओझं उतरलं. बरं झालं." त्यानं हात पांघरुणात घेतला. "उद्या येऊ नकोस."

ताई तरी दुसऱ्या दिवशी गेली. भाचीनं दार उघडलं. "बाबा झोपलेत, आत्या." ताई बाहेरच्या खोलीत, चपलांच्या फळीशेजारच्या स्टुलावर बसली. तासभर बसली आणि उठून आली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी आतून त्याचा आवाज येत होता, जागा होता तो; भाचीला काहीतरी विचारत होता. तरी भाची बाहेर येऊन म्हणाली, "झोपलेत."

ताईला वाटत होतं, त्यानं सांगितलं असेल. आज भावजय तोंडावर काहीतरी फेकेल, आज भाची दार लावून घेईल. तिनं तशी मनाची तयारीही केली होती. खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. पण भावजय चहा घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली.

"मी त्यांना विचारलं, ताईंना आत बोलवू का," भावजय म्हणाली. "तर म्हणाले, 'तिला कशाला अडकवता? बाइंडिंगची कामं पडली असतील तिची.' बघा ना, या अवस्थेतसुद्धा तुमची काळजी. आणि हल्ली गोष्टी सांगा म्हणत नाहीत हो. तुम्ही सांगायचात तेव्हा किती हसायचे. काय झालं एकाएकी कोण जाणे!"

"दमला असेल," ताई म्हणाली.

"तेच. दमलेत आता."

म्हणजे बारक्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. ताईनं चहा प्यायला. त्याला चव नव्हती. तिला पहिल्यांदा नीट कळलं, की आता शिक्षासुद्धा द्यायला कुणी उरणार नाही. बाबांच्या तोंडचं ते एक वाक्य एका नऊ वर्षांच्या पोरानं बेचाळीस वर्षं अंगावर वागवलं, आणि ते काढून घ्यायचं म्हटलं तर ठेवायला जागा कुठंच नव्हती.

ती दुकानात गेली की काम करायची. हात आपोआप चालायचे. एका शाळेच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं आली होती, ती उसवायची, पुन्हा शिवायची. एका दुपारी तिनं एक पुस्तक तीनदा शिवलं आणि तिन्ही वेळा उलटं. चौथ्यांदा सुई बोटात घुसली. तिनं बोट चोखलं आणि टेबलावर डोकं टेकून बसली, पण रडू काही आलं नाही. त्या दिवशी, बेचाळीस वर्षांपूर्वी, ती खरंच खूप रडली होती. सगळ्यांनी तिचीच समजूत काढली होती. आईनं तिला जवळ घेतलं होतं, आणि बारक्या एकटा पायरीवर बसला होता.

दहाव्या दिवशी भाचीचा फोन आला. "आत्या, बाबा बोलावताहेत. लगेच ये."

ताई हात न धुताच धावली. खोलीत औषधाचा आणि फिनेलचा वास होता. बारक्याचे डोळे अर्धे मिटलेले. भावजय उशाशी बसली होती, ती ताईला जागा देऊन बाहेर गेली. ताई खाटेजवळ खाली टेकली.

मग त्यानं विचारलं, "कशी मारली होती?"

"काय रे?"

"हाक."

ताईला एकदम कळलं. तिनं त्याच्या कानाजवळ तोंड नेलं. "'ताई, दार लाव.' अशी."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. अगदी गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं."

"एकदाच?"

"दोनदा. पहिल्यांदा मी ओ दिली नाही. म्हणून तू थांबलास आणि परत मारलीस."

"मीठमसाला?"

"नाही रे. शप्पथ. दोनदा मारलीस."

त्यानं डोळे मिटले. ताई वाट बघत राहिली. आता काहीतरी म्हणेल. चांगलं, वाईट, काहीही. एक शिवी घातली असती तरी तिनं ती जपून ठेवली असती. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. तेवढ्यात डॉक्टर आले, मग भावजय, भाची, शेजारी, बारक्याच्या कामावरचे दोघं मेकॅनिक. ताई सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. चारच्या सुमाराला सगळं आटोपलं. तो तिच्याशी पुन्हा काही बोलला नव्हता.

दोन-अडीच आठवड्यांनी भाची दुकानात आली. वाळलेली होतीच, आता डोळ्यांखाली काळंही आलं होतं. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसली. इकडचं तिकडचं बोलली. आई आता थोडंथोडं जेवते, म्हणाली. मग म्हणाली, "आत्या, त्या गोष्टी परत सांग ना. मला त्या लिहून ठेवायच्यात. बाबांचा हसतानाचा आवाज विसरायला होईल अशी भीती वाटते मला. त्या ऐकल्या की तो आठवतो."

ताईनं सांगितल्या. बोक्याची सांगितली, कासवाची सांगितली. पोरगी वहीत लिहून घेत होती, लिहिता लिहिता हसत होती आणि बाहीनं नाक पुसत होती. डाव्या बुटाशी तर ती इतकी हसली, की शेजारच्या दुकानदारानं डोकावून बघितलं. ताईही हसली. हसणं जमलं याचंच तिला आश्चर्य वाटलं. वर्गातली हजेरी सांगून झाली.

"मग?" भाचीनं विचारलं. "पाहुण्याचं पुढं काय झालं? बाबांना विचारलं की ते विषय बदलायचे."

"हरवला."

"कसा?"

"मागचं दार उघडं राहिलं होतं."

"कुणाकडून?"

ताईनं हातातली सुई खाली ठेवली. "माझ्याकडून," ती म्हणाली. "मी उघडं टाकलं, आणि नाव तुझ्या बाबांवर आलं. मी येऊ दिलं."

भाचीनं वहीतून मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर माया होती, निव्वळ माया. बाप गेल्यापासून तिला सगळ्यांचीच दया यायला लागली होती.

"अगं आत्या, किती लहान होतीस तू तेव्हा! एवढं काय त्यात? लहानपणी चालायचंच. बाबांनी तर कधीच माफ केलं असेल तुला." तिनं ताईचा खांदा दाबला. "हे मी लिहीत नाही हं. उगाच कशाला?"

"लिही," ताई म्हणाली.

"नको. हसायच्याच गोष्टी लिहायच्यात मला."

तिनं वही मिटली, पिशवीत घातली, आणि जाता जाता दारातून वळून म्हणाली, की रविवारी जेवायला ये, आई वाट बघते. ताई बरं म्हणाली. पोरगी गल्लीच्या टोकाला दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. मग आत आली. वाचनालयाची अजून तेवीस पुस्तकं उसवायची राहिली होती. तिनं वरचं उचललं, पाठीवरून सुरी फिरवली आणि जुने टाके एकेक करून तोडायला लागली.